सायकल ताठ बसायचीच घ्या

रविवारी सकाळी जुन्या पुणे-मुंबई रस्त्यावर हँडलवर ओणवे झालेले सायकलस्वार लोणावळ्याकडे सुसाट जाताना दिसतात. ते पाहून पन्नाशीतला गृहस्थ तशीच पातळ टायरची सायकल घेतो आणि दोन महिन्यांत ती जिन्याखाली धूळ खात पडते. त्याला आळशी ठरवणं सोपं आहे. पण त्या बैठकीत अंगाचा भार मनगटांवर येतो, रस्ता दिसावा म्हणून मान सतत उचलून धरावी लागते, कंबर भरून येते आणि सीटचा दाब नाजूक नसांवर पडून बधिरपणा येतो. सरावलेल्या शरीराला हे झेपतं, एरवी नाही. रोजच्या वापराला उंच हँडल, जाड टायर, मडगार्ड, चेनकव्हर आणि कॅरिअर असलेली सायकलच बरी. साडी नेसणाऱ्यांना आणि गुडघे धरलेल्यांना मधला दांडा नसलेली लेडीज सायकल अधिक सोयीची. पुरुषांनीही त्यात लाजण्यासारखं काही नाही.

‘आरामात बसून कसला व्यायाम?’ हा नेहमीचा आक्षेप. ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या अडीच लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासून 2017 मध्ये निष्कर्ष मांडले. सायकलने कामावर जाणाऱ्यांत मृत्यूचा धोका 41 टक्क्यांनी कमी आढळला. मुळात धडधाकट माणसंच सायकल चालवतात, हा भाग त्यात असणारच. संशोधकांनी वय, धूम्रपान, आहार यांचा हिशेब धरूनही फरक उरला. हा व्यायाम शर्यतीचा नव्हता, कामाला जाण्यायेण्याचा होता. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रम सांगते. नाणे मावळातल्या एखाद्या गावाहून लोकल धरायला कामशेत स्टेशन गाठताना जायला पंधरा, यायला पंधरा मिनिटं लागत असतील, तर पाच दिवसांत तेवढी भरतात. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही इतकी धाप लागली, की श्रम पुरेसे झाले. ताठ बसल्याने वारा जास्त अडतो, म्हणजे थोडी मेहनत फुकटात वाढतेच.

चढाचा आक्षेप खंडाळ्याच्या घाटापुरता खरा. खोपोली लोणावळ्याहून पाचशे मीटरहून अधिक खाली आहे, तिथे ही सायकल नेऊ नये. इंद्रायणीच्या खोऱ्यातले उतार मात्र सौम्य आहेत, त्यांना दोन-चार गिअर पुरतात. पावसाचा आक्षेप मला अधिक पटतो: ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, त्यामुळे जुलैत लोणावळ्यात सायकल घरी ठेवलेलीच बरी. जड वाहनांचा रस्ता टाळून आतला रस्ता धरावा. हेल्मेट आणि मागचा दिवा हवाच.

आराम म्हणजे गादीसारखी सीट, असं मात्र नाही. जाड स्पंजमध्ये बूड रुततं आणि मांड्या घासतात. बैठकीच्या दोन्ही हाडांना आधार देणारी, स्प्रिंगची सीट निवडा. दोन्ही तळवे जमिनीला टेकावेत म्हणून बरेच जण सीट खाली ठेवतात आणि मग गुडघ्याची वाटी दुखते. पॅडल अगदी खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील, इतकी उंची ठेवा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. चालताना छातीत दाब येत असेल, तर सायकल घेण्याआधी हृदयाची तपासणी करून घ्यावी.