विमानतळाच्या आसपास

मुंबई पाहायला जाणारे लोक गेटवे ऑफ इंडिया पाहतात, राणीच्या बागेत फिरतात, मरीन ड्राइव्हवर वारा खातात. परंतु मालेगाव, भिवंडी, धुळे, परभणी अशा गावांतील कितीतरी कुटुंबे मुंबईला जातात ती कोणाला तरी पोहोचवायला. कोणाचा भाऊ दुबईला नोकरीसाठी निघालेला असतो, कोणाचे वडील सुट्टी संपवून रियाधला परत चाललेले असतात, कोणाचे दादा-दादी हजला निघतात. पूर्वी हजचे यात्रेकरू मुंबई बंदरातून जहाजाने जात. १९९५ साली ती जहाजे बंद झाली आणि सगळी वाट विमानतळाकडे वळली. घरातील पाच-सहा माणसे रात्रभर प्रवास करून मुंबई गाठतात आणि विमानतळाच्या दारातून परत फिरतात. त्या दाराच्या आसपास पाहण्यासारखे पुष्कळ आहे. पण आधी जाणाऱ्याला वेळेवर पोहोचवले पाहिजे.

पहिली गोष्ट तिकीट. ते घरीच, दिव्याखाली बसून, नीट वाचावे. आखाती देशांकडे जाणारी बरीच विमाने रात्री उशिरा सुटतात, आणि रात्री १२ वाजता तारीख बदलते. आमच्या गल्लीतील एका तरुणाच्या तिकिटावर १२ तारीख आणि वेळ २:४० अशी होती. घरच्यांनी १२ तारखेला दुपारी दुआ-सलाम करून त्याला निरोप दिला. रात्री ते विमानतळावर पोहोचले तेव्हा विमान जाऊन जवळजवळ एक दिवस झाला होता. नवे तिकीट कर्ज काढून घ्यावे लागले आणि त्याचा पहिल्या चार महिन्यांचा पगार त्या कर्जातच गेला. पुढच्या वर्षी त्याच गल्लीतून दुसरे एक गृहस्थ निघाले. त्यांची आठवीत शिकणारी भाची तिकीट हातात घेऊन म्हणाली, "मामू, रात्रीचे २:४० म्हणजे ११ तारखेच्या रात्रीच निघायला हवे ना?" मामूंनी तिकीट पुन्हा पाहिले आणि बॅग भरायला घेतली.

दुसरी गोष्ट, विमानतळ कोणता? मुंबईला आता एक विमानतळ नाही. जुना छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ अंधेरी-सांताक्रूझच्या बाजूला आहे. त्याची दोन टर्मिनल आहेत. टर्मिनल १ सांताक्रूझ-विलेपार्ल्याकडे आणि टर्मिनल २ सहारला. परदेशी जाणारी विमाने टर्मिनल २ वरून सुटतात. ही इमारत २०१४ साली सुरू झाली. एका टर्मिनलहून दुसऱ्याकडे पायी जाता येत नाही, रस्त्याने मोठा वळसा पडतो. त्याशिवाय पनवेलजवळ उलवे येथे नवी मुंबईचा विमानतळ झाला आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून विमाने सुटू लागली. तिकिटावर जुन्या विमानतळासाठी बी.ओ.एम. आणि नव्यासाठी एन.एम.आय. अशी तीन अक्षरे असतात. ती अवश्य पाहावीत. टॅक्सीवाल्याला नुसते "एअरपोर्ट" म्हणणे आता पुरेसे नाही.

मनमाड-नाशिककडून किंवा कल्याण-मुंब्य्राकडून येणाऱ्यांसाठी एक सोपी वाट आहे. लोकलने घाटकोपरला उतरावे. तेथून वर्सोव्याकडे जाणारी मेट्रो पकडून मरोळ नाका गाठावा. मरोळ नाक्याला गाडी बदलली की भुयारी मेट्रोचे पुढचेच स्थानक टर्मिनल २ चे. मेट्रोचे डबे थंड असतात आणि रस्त्यावरची गर्दी आडवी येत नाही. मात्र मध्यरात्री मेट्रो बंद असते आणि मोठमोठ्या पेट्या घेऊन जिने चढउतार करणे सोपे नाही. सामान जास्त असेल तर टॅक्सी बरी. रिक्षा फक्त उपनगरांत चालते; वांद्र्याच्या पलीकडे, दक्षिणेला, तिला परवानगी नाही. रिक्षा किंवा टॅक्सीत बसताच मीटर सुरू झाले का ते पाहावे. "सामान मी उचलतो, आतपर्यंत सोडून देतो, ओळख आहे" असे म्हणणारा कोणी भेटला तर सलाम करून पुढे चालावे. पासपोर्ट तर अशा माणसाच्या हातात मुळीच देऊ नये.

विमानतळावरच्या पाट्या मराठीतही असतात. 'प्रस्थान' म्हणजे रवानगी आणि 'आगमन' म्हणजे आमद. घरी परत येणाऱ्याला घ्यायला गेलात तर आगमनाकडे उभे राहा. पुष्कळ लोक चुकून प्रस्थानाच्या दाराशी ताटकळत बसतात. 'चौकशी' म्हणजे पूछताछ. 'सामान' आणि 'तारीख' हे शब्द तर तुम्हाला शिकवायलाच नकोत!

दाराशी जवान तिकीट आणि ओळखपत्र पाहतात. ज्याच्याकडे तिकीट नाही त्याला आत सोडत नाहीत. तेव्हा गळाभेट, नसीहत, खाऊचा डबा, सगळे दाराबाहेरच उरकावे. परदेशी जाणाऱ्याने विमानाच्या वेळेच्या तीन तास आधी आत असावे. म्हणजे निरोपाला वेळ हवा असेल तर चार-साडेचार तास आधी पोहोचायला हवे. पावसाळ्यात आणखी लवकर. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला होता. लोकल थांबल्या, रस्ते बुडाले, विमानतळही बंद ठेवावा लागला. त्याचे एक कारण तेथील जमिनीतच आहे. पवई आणि विहार तलावांचे पाणी घेऊन येणारी मिठी नदी याच भागातून वाहते आणि विमानाच्या धावपट्टीखालून जाते. नदीला जागा कमी पडली की पाणी वस्तीत शिरते.

पहाटे विमान गेले, आणि परतीची गाडी संध्याकाळी आहे. मधला सारा दिवस बहुतेक लोक स्टेशनच्या बाकावर काढतात. घरातल्या बायकांचे डोळे ओले असतात, मुले कंटाळलेली असतात. त्यापेक्षा अंधेरीला जावे.

अंधेरी पूर्वेला महाकाली लेणी आहेत. त्यांचे जुने नाव कोंडिविटे. काळ्या दगडाच्या टेकडीत कोरलेली १९ बौद्ध लेणी येथे आहेत. सर्वांत जुनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची असावीत. येथे भिक्खू राहत, ध्यान करत, पावसाचे पाणी दगडात खोदलेल्या टाक्यांत साठवत. चारही बाजूंना आज इमारती आहेत, तरी आत गेल्यावर आवाज कमी होतो. भिंतींवर कोळशाने नावे लिहिलेली दिसतील. त्यात आपल्या शाळेच्या मुलांचे नाव दिसता कामा नये.

अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल आहे. मला विचाराल तर या भागात पाहण्यासारखे पहिले ठिकाण हेच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून उसळलेला लाव्हा थंड होऊन त्याचे उभे खांब झाले. त्या खांबांचा हा सुळका. उंची सुमारे ६१ मीटर, म्हणजे वीस मजली इमारतीएवढी. खालून पाहिले तर कोणी काळ्या पेन्सिली एकत्र बांधून उभ्या केल्या आहेत असे वाटते. आजूबाजूचा दगड खाणवाल्यांनी फोडून नेला, म्हणून तो असा एकटा उरला आहे. वर गावदेवीचे मंदिर आहे आणि चढायला पायऱ्या आहेत. भूगोलाच्या पुस्तकात 'बेसॉल्ट' हा शब्द पाठ करणाऱ्याने तो येथे हाताने चाचपून पाहावा.

पूर्ण दिवस मोकळा असेल तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. सोमवारी उद्यान बंद असते. विरार लोकलने वसईला गेलात तर पोर्तुगीजांचा किल्ला दिसेल. तो चिमाजी अप्पांनी १७३९ साली जिंकला. मात्र संध्याकाळी विरार लोकलमध्ये लहान मुलांना घेऊन चढू नये. तिच्या गर्दीविषयी मुंबईकर सांगतात ते खोटे नाही.

वेळ थोडाच असेल तर जुहू. आज ज्याच्या शेजारून आपण चौपाटीकडे जातो, तो जुहूचा छोटा विमानतळ १९२८ सालचा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाची थैली घेऊन, अहमदाबादमार्गे, याच ठिकाणी उतरले. टाटांच्या नियमित हवाई टपाल सेवेची ती सुरुवात होती. चौपाटीवर संध्याकाळी वाळूत बसावे. मोठ्या विमानतळावरून उडालेली विमाने येथून डोक्यावरून समुद्राकडे, पश्चिमेला जातात. त्यांपैकी कोणते दुबईचे आणि कोणते दिल्लीचे ते खालून कळत नाही. लहान मुले सगळ्यांनाच हात करतात.

शब्दार्थ
ताटकळणे – फार वेळ वाट पाहत राहणे. वळसा – फेरा, चक्कर. वेधशाळा – हवामानाची नोंद ठेवण्याची जागा. सुळका – उंच, टोकदार खडक. चाचपणे – हाताने स्पर्श करून पाहणे.

स्वाध्याय
१. तिकिटावर १२ तारीख आणि वेळ २:४० असेल तर घरातून केव्हा निघावे? का?
२. मिठी नदीला पूर आला की विमानतळाच्या भागात पाणी का शिरते?
३. 'आगमन' आणि 'प्रस्थान' यांचा प्रत्येकी एका वाक्यात उपयोग करा.
४. तुमच्या घरातील कोणी परदेशी जाणार आहे असे समजून, त्यांना प्रवासाच्या तयारीविषयी मराठीत पत्र लिहा.