लाइट जाते तेव्हा नाही, येते तेव्हा

मी कॉन्व्हेंटची, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. इलेक्ट्रिकलवाली हृदयावर का लिहितेय? तर गेल्या डिसेंबरात बाबांना अटॅक आला. छातीत दुखत होतं, ते म्हणाले ॲसिडिटी आहे, आणि मी खायचा सोडा पाण्यात घालून दिला. त्यात दोन तास गेले. अँजिओप्लास्टी झाली, बाबा ठीक आहेत, पण थोडा स्नायू गेला तो गेलाच. तो वाचवायचं औषध नाही का? हे शोधण्यात माझी सगळी सुट्टी गेली.

रक्त थांबलं की पेशीतलं एटीपी संपतं आणि लॅक्टिक ॲसिड साठतं. ॲसिड बाहेर टाकताना सोडियम आत येतं, आणि ते सोडियम काढायला जावं तर कॅल्शियम आत घुसतं. पण खरी गंमत (गंमत कसली!) पुढेच आहे. रक्त परत सुरू होतं, त्या क्षणी वेगळंच नुकसान होतं. लाइट येतानाच्या झटक्याने फ्रिज जळतो ना, तसंच काहीसं. ॲसिड असेपर्यंत मायटोकाँड्रियाच्या पडद्यातली छिद्रं बंद असतात. रक्ताने ॲसिड धुऊन नेलं की ती उघडतात आणि पेशी मरते. याला रिपर्फ्यूजन इंज्युरी म्हणतात.

मग छिद्रंच उघडू दिली नाहीत तर? किडनी ट्रान्सप्लांटनंतर देतात ते सायक्लोस्पोरिन हेच करतं. २००८ मध्ये ५८ पेशंटांवरच्या चाचणीत नुकसान कमी दिसलं. मी अक्षरशः उड्या मारल्या. मग २०१५ ची चाचणी वाचली : ९७० पेशंट, फायदा काही नाही. सोडियमचं दार अडवणारं कॅरिपोराइड तर त्याहून वाईट. बायपासच्या पेशंटांत अटॅक कमी झाले, पण स्ट्रोकमुळे मृत्यू वाढले.

बायपासमध्ये जमतं ते साध्या पोटॅशियमने. पोटॅशियम वाढवलेलं थंड द्रावण हृदयात सोडतात. पेशीचं उणे ९० मिलिव्होल्ट उणे ५० च्या आसपास येतं, सोडियम चॅनल्स बंद पडतात, हृदय शांत थांबतं. म्हणजे सप्लाय तोडण्याआधी लोडच काढून घ्यायचा! आपल्या ब्रँचचीच आयडिया. पण अटॅक काही आधी सांगून येत नाही.

बाबांना हे सगळं ऐकवलं. म्हणाले, "म्हणजे मी लवकर सांगायला हवं होतं." मी म्हटलं, सोडा तर मीच दिला. आता आमच्या फ्रिजवर १०८ नंबर मोठ्या अक्षरांत चिकटवलाय.