पाड्याची यादी पाड्यानेच करावी



नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे लहान-मोठे धक्के बसू लागले. त्या हिवाळ्यात धुंदलवाडीच्या आसपासचे लोक भीतीने रात्री घराबाहेर झोपत. मीही ताडपत्र्या घेऊन एका पाड्यावर गेलो. वाटप झाले, फोटो काढले. दुसऱ्या दिवशी कळले की टेकडीमागच्या तीन घरांना काहीच मिळाले नाही. त्यातल्या एका घरी अंथरुणाला खिळलेली आजी होती. माझी यादी रस्त्यालगतच्या घरांपुरतीच होती. तिथल्या एका बाईने विचारले, "दादा, आम्हाला का नाही विचारलं?"

यावेळचा पाठ त्या प्रश्नावर आहे.

30 सप्टेंबर 1993. गणेश विसर्जनाची रात्र सरून पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटे झाली होती. किल्लारी परिसरात दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. जवळजवळ दहा हजार माणसे गेली. लष्कर आले, मदतही पुष्कळ आली, पण ढिगारे उपसायला पहिले हात शेजाऱ्यांचेच लागले. पुढे घरांच्या दुरुस्तीच्या कामात गावोगाव 'संवाद सहायक' नेमले गेले, आणि त्या बहुतेक गावातल्याच बाया होत्या. कोणाला कोणते अनुदान आहे, भिंत कशी बांधून घ्यायची, हे त्या घरोघर सांगत. 2001 साली कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा लातूर भागातल्या काही बाया तिकडच्या बायांना धीर द्यायला आणि अनुभव सांगायला गेल्या. मला या सगळ्या हकिगतीत हेच सर्वांत मोलाचे वाटते.

नहेम्याच्या 3ऱ्या अध्यायातही कोटाचे काम असेच वाटलेले दिसते. कित्येकांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधला.

महिन्याभराने आम्ही त्याच पाड्यावर बसलो. यावेळी मी वही उघडली नाही. बायांनी राखेने जमिनीवर घरे आखली, टेकडीमागची आधी. कोणाला चालता येत नाही, त्याला कोण उचलणार. पहार, दोर, कुऱ्हाड कोणाकडे. धक्क्यानंतर मोकळ्या जागेत जमून पाच-पाच घरांची माणसे कोण मोजणार. विहीर बुजली तर पाणी कुठले. चूल एकत्र पेटवायची तर कोणाच्या अंगणात. कारवीच्या कुडाचे घर हलके असते, पण नवी विटांची घरे जड, म्हणून त्यांच्या भिंतींना पट्टा घातला आहे का, हेही बघायचे ठरले. पुरुष उशिरा आले आणि पहारीवरून बराच वाद घातला.

एक गोष्ट मात्र आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. आजीला उचलायचे काम ज्या तरुणाकडे दिले होते, तो पुढच्या वर्षी दिवाळीनंतर कुटुंबासह वीटभट्टीवर गेला. अर्धा पाडाच गेला. आता यादी वर्षातून दोनदा होते, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा लोक भट्टीवर निघाले की. आजीसमोर सध्या तिच्या शेजारणीचे आणि दहावीतल्या नातीचे नाव आहे.