चूक सूचीत की कपाटात?

मुलांनो, रात्री संगणकावर जतन केलेला निबंध सकाळी उघडूच नये, असे कधी कधी घडते. अशा वेळी दोष कोठे आहे, हे कसे ओळखावे?

संगणकातील मजकूर पुष्कळदा हार्ड डिस्कवर साठविलेला असतो. १९५६ साली आय.बी.एम. कंपनीने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्या ५० तबकड्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आजची तबकडी मिनिटाला बहुधा ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते. तिचा पृष्ठभाग 'सेक्टर' नावाच्या लहान भागांत विभागलेला असतो. कोणती फाइल कोणत्या सेक्टरात आहे, याची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेस 'फाइल सिस्टीम' म्हणतात. ग्रंथालयात जशी पुस्तकांची कपाटे आणि त्यांची सूची, तसाच हा प्रकार होय.

वीज अचानक गेली, तर नोंद अर्धवट राहते. हा सूचीचा दोष. तपासणीच्या प्रोग्रामने तो बहुधा दूर होतो. परंतु दुरुस्त केलेली सूची पुनःपुन्हा चुकू लागली, तर शहाणा ग्रंथपाल लेखणी खाली ठेवतो आणि कपाटाला वाळवी तर लागली नाही ना, हे पाहतो.

डिस्कची वाळवीही खुणा दाखविते. फाइल उघडण्यास फार वेळ लागतो. क्वचित टकटक आवाज येतो. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते, तिला 'स्मार्ट' म्हणतात. निकामी ठरवून बदललेल्या आणि वाचता न येणाऱ्या सेक्टरांची संख्या तीत असते. ती वाढत चालली, की डिस्कचा भरवसा धरू नये. मात्र नोंद निर्दोष दिसली, तरी निर्धास्त राहू नये. कित्येक डिस्क पूर्वसूचनेवाचून बंद पडतात. जोडणीची केबल सैल असली तरीही चुका होतात. म्हणून तीही पाहावी.

पुष्कळ लोक घाईने दुरुस्तीचा प्रोग्राम पुनःपुन्हा चालवितात. तो त्याच रोगट तबकडीवर नव्या नोंदी लिहितो आणि वाचू शकणारा मजकूरही हातचा जाण्याची भीती असते. वाळवी दिसताच आधी पुस्तके बाहेर काढावीत, सूची मागाहून नीट करावी. त्याचप्रमाणे प्रथम मजकुराची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. नवी डिस्क विकत मिळते. आजीच्या आवाजात साठविलेल्या ओव्या विकत मिळत नाहीत.

स्वाध्याय

१. फाइल सिस्टीमला सूचीची उपमा का दिली आहे?
२. डिस्क बिघडत असल्याच्या खुणा सांगा.
३. दुरुस्तीपूर्वी प्रत का घ्यावी?