माझे वाकडे बोट

बालमित्रांनो, आज मी तुम्हाला पायाच्या बोटाची माहिती सांगणार आहे. ही माहिती मला माझ्याच बोटामुळे मिळाली.

मागच्या साली माझे शाळेचे बूट लहान झाले. पण तेव्हा अवकाळी पावसाने आमची पऱ्हाटी गेली होती. म्हणून मी घरी काहीच बोललो नाही. बोटे आत दुमडून तेच बूट घातले.

दिवाळीत नागपूरला मामाकडे गेलो. मेट्रोने सीताबर्डीला उतरलो. तिथे टेकडीवर किल्ला आहे. १८१७ साली तिथे भोसले आणि इंग्रज यांची लढाई झाली. जवळच मोठा बाजार आहे. दुकानात मोजे काढले, तर अंगठ्याशेजारचे बोट वाकलेले आणि त्यावर लाल घट्टा! आईच्या डोळ्यांत पाणी आले. ती म्हणाली, "मले सांगाचं नाही का रे?"

मामाने डॉक्टरांकडे नेले. त्यांनी समजावले ते असे :

पायाच्या अंगठ्यात दोन हाडे असतात. शेजारच्या बोटात तीन असतात. बूट आखूड असला की ते बोट मधल्या सांध्यात वाकते. पुष्कळ दिवस तसेच राहिले तर आखडते. ते हातोडीसारखे दिसते, म्हणून त्याला हातोडी बोट म्हणतात. काहींच्या घराण्यातच ते असते.

परीक्षा : बोट हाताने हळूच सरळ करून पाहा. सरळ झाले तर उपाय सोपा. अगदी ताठ झाले व दुखू लागले तर कधी ऑपरेशन करावे लागते. माझे सरळ झाले!

उपाय :
१) पुढून रुंद बूट घ्यावा. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा हवी.
२) संध्याकाळी पाय थोडा फुगतो, म्हणून बूट तेव्हा घ्यावा.
३) रोज बोट हाताने ताणावे. जमिनीवरचा टॉवेल बोटांनी ओढावा.
४) घट्टा ब्लेडने कापू नये. मधुमेह असणाऱ्यांनी तर मुळीच नाही. डॉक्टरांना दाखवावा.

करून पाहा : कागदावर उभे राहून पाय आखा. त्यावर बूट ठेवा. रेघ बाहेर दिसली तर बूट लहान.

मी घरी सगळ्यांचे पाय आखले. बाबांची चप्पलही लहान निघाली. तेसुद्धा काही बोलले नव्हते.

म्हणून मित्रांनो, बूट लहान झाला तर घरी सांगा. आणि पालकहो, आज घरी गेल्यावर मुलांचे पाय जरूर पाहा.

— इयत्ता ४ थी