मन अडते तेव्हा : धरमतरचा रस्ता आणि पाच नीवरणे

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह परिषद भरायची होती. मुंबईहून महाडला जाणाऱ्याची त्या काळची सरावाची वाट अशी : बोटीने धरमतर बंदरात उतरावे आणि तेथून मोटारीने नागोठणे, कोलाड, माणगाव करीत महाड गाठावे. पण धरमतरचे मोटारवाले अस्पृश्य प्रतिनिधींना गाडीत घेतील याचा भरवसा नव्हता. ऐन वेळी नकार मिळाला असता तर दोनशेहून अधिक माणसे खाडीच्या काठी अडकून पडली असती. बाबासाहेब २४ डिसेंबरला प्रतिनिधींसह 'पद्मावती' बोटीने मुंबईहून निघाले, ते धरमतरला उतरलेच नाहीत. मंडळी समुद्रमार्गे दक्षिणेकडे गेली, सावित्रीच्या खाडीत शिरली आणि दासगावला उतरली. दासगावापासून महाड पाच मैल. पाच मैल माणूस पायी जातो. त्याला कोणाच्या मोटारीची गरज पडत नाही.

चवदार तळ्याचा इतिहास आपण मुलांना सांगतो, तेव्हा हा प्रवास एका वाक्यात उरकतो. आज त्या एका वाक्यापाशीच थोडे थांबू. (धरमतर आणि धर्मांतर हे शब्द कानाला सारखे लागतात म्हणून त्यातून काही गूढ अर्थ मात्र काढू नये. असले अर्थ काढत बसणे हाही मनाचा एक चाळाच आहे.)

अडचण आली की आपण स्वतःला एक प्रश्न विचारतो, आणि पुष्कळदा तो प्रश्नच चुकीचा असतो. "धरमतरचे मोटारवाले आपल्याला गाडीत कसे घेतील?" असा प्रश्न धरला असता तर उत्तरे ठरलेलीच होती : विनवण्या करा, जादा भाडे द्या, भांडा किंवा परत फिरा. या चारही उत्तरांत किल्ली मोटारवाल्याच्याच हाती राहते. खरा प्रश्न होता, "महाडला कसे पोहोचायचे?" तो विचारला की नकाशावर दुसरी खाडी दिसते. ती खाडी कोणी लपवून ठेवलेली नव्हती. सवयीच्या वाटेवर डोळे खिळले की शेजारची वाट दिसत नाही, इतकेच.

महाडात हेच पुन्हा करावे लागले. मंडपाला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. बाजारात शिधा मिळेल याची खात्री नव्हती, म्हणून धान्याची तजवीज आधीच केलेली होती. "महाडचे दुकानदार काय करतील?" याची वाट पाहत कोणी बसले नाही.

आता कोणी म्हणेल, बाबासाहेब थोर विद्वान होते. आमच्यासारख्या साध्या माणसाला अशी बुद्धी कुठून सुचणार? ही समजूतच पहिला अडथळा आहे. कल्पकता देव देत नाही आणि ती जन्माने येत नाही, हे आपण बौद्धांनी तरी मान्य करायला हवे. बुद्धी अडते त्याला कारणे असतात. कारणे असतात म्हणून ती दूरही करता येतात.

त्रिपिटकात संगारव नावाच्या एका ब्राह्मणाची कथा आहे. त्याने भगवान बुद्धांना एक अगदी व्यवहारातला प्रश्न विचारला. पुष्कळ दिवस घोकलेले मंत्रसुद्धा कधी कधी ऐन वेळी आठवत नाहीत, आणि कधी न घोकलेलेही सहज आठवतात, हे का? परीक्षेला बसलेल्या आपल्या मुलाचाही हाच प्रश्न असतो. तथागतांनी नशिबाचा किंवा ग्रहांचा हवाला दिला नाही. मनावर पाच आवरणे येतात, त्यांना नीवरणे म्हणतात, असे सांगून त्यांनी पाण्याने भरलेल्या भांड्याचा दृष्टांत दिला. त्या पाण्यात चांगल्या नजरेच्या माणसालाही आपला चेहरा दिसत नाही. कारण कधी ते पाणी लाख, हळद, निळीने रंगलेले असते. कधी विस्तवावर उकळत असते. कधी शेवाळाने झाकलेले असते. कधी वाऱ्याने हलत असते. तर कधी गढूळ होऊन अंधारात ठेवलेले असते. असे मन झाले की स्वतःचे हित, दुसऱ्याचे हित आणि दोघांचे हित, काहीच नीट दिसत नाही.

रंगलेले पाणी म्हणजे कामच्छंद, हवेहवेसे वाटणे. मुलाला अमुकच नोकरी लागली पाहिजे, असा रंग बापाच्या मनाला चढला की मुलाच्या हातात कोणते कसब आहे ते त्याला दिसत नाही. याविषयी अधिक सांगायला नको. प्रत्येक घरात याचे उदाहरण आहे.

उकळते पाणी म्हणजे व्यापाद, राग आणि द्वेष. येथे २० मार्च १९२७ चा दिवस आठवावा. तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर गावात अफवा उठली की अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. जेवत बसलेल्या, परतीला निघालेल्या प्रतिनिधींवर हल्ले झाले, माणसे जखमी झाली. आपल्या लोकांतही रग होती. पलटणीत नोकरी केलेले गडी त्यांत होते. एका शब्दाची खोटी होती. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही, लोकांना आवरले. राग खोटा होता असे कोण म्हणेल? पण त्या उकळीत शिरून गावाशी मारामारी केली असती तर गुन्हेगार कोण हा प्रश्नच उलटा झाला असता. पुढे हल्लेखोरांपैकी काहींना न्यायालयातून शिक्षा झाली. राग आला असता विचार करू नये असे नव्हे. उकळी खाली बसेपर्यंत निर्णय करू नये.

शेवाळ म्हणजे थीनमिद्ध. याचा अर्थ नुसता आळस असा करतात, तो अपुरा आहे. 'थीन' म्हणजे मनाचे आखडणे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे मंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये झाला. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तळे खुले असल्याचा ठराव केला. तरी तीन वर्षे त्या तळ्यावर कोणी गेले नाही. त्याला आळस म्हणणे अन्यायाचे होईल. मार खाण्याचे भय खरे होते. पण हक्क कागदावर आणि तळे डोळ्यांसमोर असताना मधे जे साचले होते, ते पिढ्यान्‌पिढ्यांचे शेवाळ होते. मार्चच्या परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले, हे लक्षात घ्या! परिषद संपत आली, मंडळी उठण्याच्या बेतात असताना अनंतराव चित्रे उभे राहिले आणि तळे खुले असल्याचा ठराव झालेलाच आहे, तर आत्ताच तेथे जाऊ, असे त्यांनी सुचविले. सूचना साधी होती. शेवाळ एका हाताने बाजूला होते, पण तो हात कोणीतरी घालावा लागतो.

वाऱ्याने हलणारे पाणी म्हणजे उद्धच्च-कुक्कुच्च, चळवळ आणि हुरहूर. "लोक काय म्हणतील", "मागच्या वेळी असे केले नसते तर", या दोन वाऱ्यांत नवदीक्षित घर फार सापडते. घरातले देव काढून टाकले. आता मूल आजारी पडले की आजी म्हणते, बघा! तेथे वाद घालू नये. मुलाला दवाखान्यात न्यावे, ताप उतरू द्यावा आणि मग आजीजवळ शांतपणे बसावे.

गढूळ पाणी म्हणजे विचिकिच्छा, हे की ते न ठरणे. डिसेंबरच्या परिषदेपुढे नेमके हेच येऊन उभे राहिले. सत्याग्रहाच्या आधीच न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम निघाला होता. तळ्यावर जावे तर हुकूम मोडतो, न जावे तर हजारो लोक हात हलवीत परत जातात. दोनच वाटा आहेत असे वाटले की मन गढुळते. बराच खल झाला आणि तिसरी वाट निघाली. सत्याग्रह तहकूब करून २७ डिसेंबरला तळ्याभोवती भव्य मिरवणूक काढण्यात आली आणि दावा लढविण्याचे ठरले. तो दावा १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात आपल्या बाजूने संपला. दहा वर्षे लागली, हेही मुलांना सांगावे. युक्ती सुचली म्हणजे काम झाले, असे होत नाही.

पेण-अलिबागच्या खारेपाटातील वाचकांना हे आणखी एका तऱ्हेने कळेल. खाडीच्या बांधाला उघाडी असते. भरती आली की तिचे झाप मिटते, खारे पाणी शेतात येत नाही. ओहोटीला ते उघडते आणि शेतातले पावसाचे पाणी बाहेर जाते. आपल्या पूर्वजांच्या मनाला जी भीती होती, तिचे काम असेच होते. भरती जबर होती, मिटून राहिल्यानेच माणसे जगली. त्यांना भित्रे म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही. पण ओहोटी लागली तरी झाप गंजून बंदच राहिले तर आतले भात कुजते.

आता घरचे एक उदाहरण घेऊ. समजा, खाडीकाठच्या गावातली एक मुलगी दहावी चांगल्या गुणांनी पास झाली. कॉलेज पेणला. घरात प्रश्न निघतो, "एकट्या पोरीला रोज कसे पाठवायचे?" या प्रश्नाच्या पोटातच "पाठवायचे नाही" हे उत्तर बसले आहे. 'एकट्या' हा शब्द काढा आणि पुन्हा विचारा : तिचे पुढचे शिक्षण कसे होईल? मग सुचू लागते. वाडीतल्या आणखी कोणत्या मुली जातात? पेणला नातलग कोण? वसतिगृह आहे का? एस. टी.ची वेळ गैरसोयीची असेल तर गावाने मिळून अर्ज करावा का? यांतली निम्मी उत्तरे निरुपयोगी ठरतील. ठरू द्यावीत. सुचत असतानाच "छे, हे होणार नाही" म्हणणारा एक जण प्रत्येक घरात असतो, बहुधा तो कर्ता पुरुषच असतो. त्याने तेवढा वेळ गप्प बसावे.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर सर्वांनी दहा मिनिटे डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यावे. मग घरातली एक खरी अडचण कागदावर एका वाक्यात लिहावी. त्या वाक्यात कोणते उत्तर आधीच दडले आहे ते शोधून तो शब्द खोडावा आणि वाक्य पुन्हा लिहावे. कागदाच्या एका बाजूला जे प्रत्यक्ष घडले आहे ते लिहा, दुसऱ्या बाजूला ज्याची नुसती भीती आहे ते. दोन्हींची सरमिसळ करू नका. नंतर घरातल्या सर्वांत लहान बोलत्या मुलाला पहिल्यांदा विचारा. मोठ्यांनी आधी मत दिले तर पोर तेच म्हणेल. आईला लिहिता येत नसेल तर तिचे म्हणणे मुलीने लिहून घ्यावे, आपल्या शब्दांत बदलू नये. त्या दिवशी निर्णय करायचा नाही. कागद तसाच ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वाचायचा.