निवृत्तिवेतन : बक्षिसीकडून हक्काकडे

उतारवयात नियमित प्राप्तीची शाश्वती असणे हे समाजस्वास्थ्याचे गमक होय. वऱ्हाडात या शाश्वतीचे मोल विशेष आहे. अमरावती व अकोला जिल्ह्यांतील पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात भूजल खारे, त्यामुळे शेती बव्हंशी पावसावर. कापूस-तुरीचा पैसा हंगामापुरताच हाती येतो. अशा गावी निवृत्त गुरुजींचे दरमहाचे निवृत्तिवेतन साऱ्या कुटुंबाला सावरून धरते. कुटुंब निवृत्तिवेतनामुळे विधवेचेही घरातील स्थान टिकून राहते.

राज्याचे निवृत्तिवेतन नियम १५ ऑगस्ट १९८२ पासून अमलात आले. त्याच वर्षी १७ डिसेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात निर्वाळा दिला की, निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीवरील बक्षिसी नसून केलेल्या सेवेपोटी मिळणारा हक्क आहे.

पुढे आयुर्मान वाढले, तसा तिजोरीवरील भारही वाढला. १ नोव्हेंबर २००५ पासून नेमलेल्या कर्मचाऱ्यांना राज्याने अंशदान योजना लागू केली. जुन्या पद्धतीत रक्कम अखेरच्या वेतनावरून ठरते व जोखीम शासन पत्करते. नव्या पद्धतीत वेतनातून १० टक्के कपात होते, शासन आपला वाटा घालते आणि प्राप्ती गुंतवणुकीच्या फळावर अवलंबून राहते. परिणामी, एकाच शाळेतील दोन शिक्षकांचे वार्धक्य नेमणुकीच्या तारखेने वेगळे झाले. मार्च २०२३ मधील राज्यव्यापी संपाच्या मुळाशी हीच विषमता होती. २०२४ मध्ये राज्याने अखेरच्या वेतनाच्या निम्म्या रकमेची हमी देणारा सुधारित पर्याय स्वीकारला.

तथापि, कपाशी वेचण्यात आयुष्य घालविलेल्या मजूर स्त्रीला यांपैकी कोणतीच योजना लागू नाही. तिच्यासारख्यांसाठी १९८० मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. पासष्टी ओलांडलेल्या निराधारांसाठी श्रावणबाळ योजना आहे. दोहोंचे अनुदान २०२३ मध्ये दरमहा १,५०० रुपये करण्यात आले. दोन्ही प्रकारचा खर्च एकाच तिजोरीतून होतो, हे विसरून चालणार नाही.

कर्मचाऱ्यास संघटनेचे बळ असते. निराधारास बहुधा वयाचा पुरावाही मिळविता येत नाही. म्हणून पंचायत सदस्य, शिक्षक व तलाठी यांनी गावातील पात्र वृद्धांची यादी करून, वयाचे व उत्पन्नाचे दाखले जुळवून त्यांचे अर्ज तहसील कार्यालयात पोहोचविणे अगत्याचे आहे. हक्क कागदावर असून भागत नाही. तो दारापर्यंत पोहोचावा लागतो.